माउस चालेना म्हणून जुना कॉम्प्युटर भंगारात देऊ नका

मा. संपादक, सप्रेम नमस्कार,

आपल्या सोलापुरात चादर-टॉवेलच्या कारखान्यांत अजून जुन्या कॉम्प्युटरवर बिलं निघतात, आणि माउस बंद पडला की दुरुस्तीवाला बघायच्या आधीच सांगतो मदरबोर्ड (आतला मुख्य सर्किट बोर्ड) गेला, नवीन घ्या. फार वाईट वाटतं हो, कारण बऱ्याचदा मदरबोर्डला काहीच झालेलं नसतं.

कॉम्प्युटरच्या मागं लावलेली माउसच्या वायरची गोल पिन बघा, तिला पीएस/टू म्हणतात, आयबीएम कंपनीनं १९८७ मध्ये आणलेली, हिरवी माउसची आणि जांभळी कीबोर्डची, आकार सेम त्यामुळे घाईत अदलाबदल होते. आणि ही पिन यूएसबीसारखी चालू मशीनमध्ये काढायची-घालायची नाही, आधी शटडाऊन, मग पिन लावून चालू करा, नाहीतर माउस ओळखतच नाही, कधी कधी पोर्टही (पिन लावायची जागा) जातो. पिन उजेडात धरून बघा, आत ६ बारीक काड्या असतात, जोरात दाबल्यानं एखादी वाकते, चिमट्यानं हळूच सरळ करायची. बॉलवाला माउस असेल तर खालचं झाकण फिरवून बॉल काढा, लूमजवळची कापसाची धूळ आतल्या रुळांवर अशी चिकटून बसते की नखानं खरवडून काढावी लागते, तेवढ्यानं पॉइंटर पळायला लागतो.

यूएसबी माउस या गोल पोर्टला जोडायला हिरवा कन्व्हर्टर मिळतो, पण तो सगळ्या माउसला चालत नाही, तेव्हा दुकानातच लावून बघून घ्या.

दुरुस्तीवाल्यांनो, एवढं तपासा आणि मगच मदरबोर्डचं नाव काढा.

— एक वाचक, अक्कलकोट रोड, सोलापूर