चास्लाव्स्काला एका ओळीत संपवू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या क्रीडा पानावर थोर जिम्नॅस्टचा जो चौकोन छापलात त्यात वेरा चास्लाव्स्काच्या वाट्याला एकच ओळ आली, चेकोस्लोव्हाकिया, 7 सुवर्ण, 4 रौप्य, बस. आकडे बरोबर आहेत, पण राहवलं नाही म्हणून लिहितोय.

1964 ला टोकियोत तिने सोव्हिएत जिम्नॅस्ट लॅरिसा लॅटिनिनाला मागे टाकून ऑल-अराउंडचं (सगळे प्रकार मिळून) गोल्ड घेतलं, शिवाय व्हॉल्ट (धावत येऊन हातांवर उसळून मारायची उडी) आणि बीम (अरुंद तुळईवरची कसरत). 1968 ला मेक्सिकोत ऑल-अराउंड, व्हॉल्ट, बार्स (दोन आडव्या दांड्यांवरची कसरत), फ्लोअर (जमिनीवरची कसरत). म्हणजे बायकांच्या प्रत्येक वैयक्तिक प्रकारात ऑलिंपिक गोल्ड असलेली ती एकटीच, कोमानेची नाही की बाइल्स नाही. निदान एवढं तरी त्या चौकोनात यायला हवं होतं.

आणि मेक्सिकोच्या आधी काय झालं ते बघा. त्या वर्षी जूनमध्ये देशात मोकळीक हवी म्हणून 'दोन हजार शब्द' नावाचा जाहीरनामा निघाला, त्यावर हिने सही केली, धावपटू झाटोपेकनेही केली. ती मोकळीक चिरडायला 21 ऑगस्टला सोव्हिएत रणगाडे देशात घुसले तेव्हा ही शुम्पेर्क गावी सरावाच्या कॅम्पात होती, अटक होईल म्हणून तिथून डोंगरात जाऊन लपली. ऑलिंपिक तोंडावर आलेलं आणि जिम नाही, कोच नाही, काही नाही. मग झाडाच्या फांद्यांना लोंबकळून बार्सची प्रॅक्टिस, आडव्या पडलेल्या ओंडक्यावर बीमची, बटाट्याची पोती उचलून वजनाचा व्यायाम, आणि हाताचे घट्टे मऊ पडू नयेत म्हणून कोळसा फावड्याने ओढायचा! बार्सवर हात सोलवटून निघतात, घट्टे गेले की पकडच राहत नाही, ज्याने कधी बार धरलाय त्याला हे सांगायला नको. एवढं करून ऐन वेळी परवानगी मिळाली आणि तिथून आलेल्या बाईने चार गोल्ड घेतली.

तिथेही बीमचं गोल्ड सोव्हिएत कुचिन्स्कायाला गेलं, आणि फ्लोअरला दुसऱ्या सोव्हिएत जिम्नॅस्टचे, पेट्रिकचे, आधीच्या फेरीतले मार्क नंतर वाढवून गोल्ड दोघींत वाटलं. माझ्या मते हा सरळ अन्याय होता. दोन्ही वेळा सोव्हिएत राष्ट्रगीत लागलं तेव्हा हिने मान उजवीकडे वळवून खाली घातली, सगळ्या जगासमोर. त्याच ऑलिंपिकमध्ये वर्णभेदाच्या निषेधात पदक घेताना उंचावलेल्या अमेरिकन धावपटू स्मिथ-कार्लोसच्या मुठी आपण सगळे लक्षात ठेवतो, ठेवायलाच हव्यात, पण हिचं नाव कोणी काढत नाही याचं फार वाईट वाटतं.

घरी गेल्यावर तिला सही मागे घ्यायला सांगितलं, तिने नाही म्हटलं. मग काम मिळेना, परदेशात जायला बंदी. कितीतरी वर्षांनी कोचिंग करू दिलं, त्यातली थोडी वर्षं मेक्सिकोत. 1989 ला कम्युनिस्ट राजवट पडली तेव्हा कुठे तिला मान मिळाला, नवे राष्ट्राध्यक्ष हावेल यांची सल्लागार झाली, देशाच्या ऑलिंपिक समितीची अध्यक्ष झाली. 2016 ला गेली. सही मात्र तिने कधीच मागे घेतली नाही.

आपल्याकडे आता दीपा कर्माकरमुळे पोरंपोरी प्रोदुनोव्हा व्हॉल्ट वगैरे नावं ओळखायला लागलीत, त्यांना ही बाईही कळू दे. 21 ऑगस्टला चेकोस्लोव्हाकियावरच्या आक्रमणाची आठवण छापाल तेव्हा तिच्यासाठी अर्धं पान ठेवा, आणि लेख शक्यतो जिम्नॅस्टिक्स शिकवणाऱ्या कोणाकडून तरी लिहून घ्या.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली