गावाचा डॉक्टर गावातच राहू द्या

माननीय आरोग्यमंत्री,
गोवा राज्य

सविनय नमस्कार.

सत्तरी तालुक्यात माझा लहानसा दवाखाना आहे. केरी, मोर्ले, ठाणे, घाटावरचे सुर्ला, या भागातली घरे वर्षानुवर्षे माझ्याकडे येतात. गरज पडली की मी त्यांना आरोग्य केंद्रात किंवा थेट बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, पाठवतो. तिथून परतताना ती जे कागद आणि ज्या गोळ्या आणतात, त्यांवरून सरकारी आरोग्यसेवा मला रोज दिसते.

मध्यंतरी काजूच्या बागायतीत राबणारे साठीतले एक गृहस्थ आले. पाय सुजलेले, उठले की चक्कर. मुलीने औषधांची पिशवी टेबलावर रिकामी केली. रक्तदाबाची एकच गोळी, ॲम्लोडिपिन, दोन कंपन्यांच्या दोन नावांनी त्यात होती. एका डॉक्टरांनी ती सुरू केली होती, आधीचा कागद न मिळाल्याने दुसऱ्यांनी पुन्हा लिहून दिली होती. या गोळीचा डोस वाढला की अनेकांचे पाय सुजतात. ती सूज पाहून तिसऱ्यांनी लघवी वाढवणारी गोळी दिली आणि तिने चक्कर आणली. कोणीच निष्काळजी नव्हते. समोर आलेल्या तक्रारीवर प्रत्येकाने पुस्तकाप्रमाणे उपचार केले. पण तिघांनीही त्यांना पहिल्यांदाच पाहिले होते आणि पुन्हा पाहण्याची शक्यता नव्हती. मी दोन गोळ्या बंद केल्या. पंधरवड्यात ते बागायतीत कामाला लागले.

असे पेशंट आता वाढतच जाणार. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहाचे प्रमाण देशात सर्वाधिक गोव्यात आढळले, 26.4 टक्के. मधुमेह माणसाला जन्मभर सोडत नाही. आणि आपल्या ग्रामीण आरोग्य केंद्रातला तरुण डॉक्टर? कोणत्या घरात कोण एकटे राहते, कोणाला इन्सुलिनची सुई टोचून द्यायला घरात माणूस नाही, हे त्याला कळू लागते न लागते तोच बदली होते, कंत्राट संपते किंवा तो पीजीसाठी, म्हणजे पदव्युत्तर शिक्षणासाठी, निघून जातो. पुढचा डॉक्टर पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करतो.

एकच डॉक्टर दीर्घकाळ असल्याने काय फरक पडतो, हे नॉर्वेत मोजले गेले आहे. तिथे प्रत्येक नागरिकाला ठरलेला फॅमिली डॉक्टर मिळतो. ज्यांचा डॉक्टर 15 वर्षांहून अधिक काळ तोच होता, त्यांच्यात मृत्यूची शक्यता डॉक्टरशी वर्षभराचीच ओळख असलेल्यांपेक्षा सुमारे 25 टक्क्यांनी कमी आढळली. तातडीने इस्पितळात दाखल होण्याची शक्यताही सुमारे 28 टक्क्यांनी कमी होती. यासाठी कोणतेही नवे यंत्र लागले नव्हते.

आपल्या तालुक्याने तर याची गरज अनुभवली आहे. 2015 मध्ये पाली गावात माकडतापाचे रुग्ण सापडले. हा ताप गोचिडीच्या चाव्यातून येतो, त्यावर नेमके औषध नाही आणि त्याचा मोसम नेमका काजूच्या हंगामातच येतो. पहिल्या दिवशी तो इतर कोणत्याही तापासारखाच दिसतो. पेशंट कोणत्या रानात जातो आणि तिथे माकड मेल्याचे कोणी बोलले होते का, हे ठाऊक असलेल्या डॉक्टरालाच वेळेवर शंका येते.

108 रुग्णवाहिकेने, हृदयविकाराच्या झटक्यावर तालुक्यातच पहिले उपचार करण्याच्या योजनेने आणि बांबोळीच्या डॉक्टरांनी माझे कितीतरी पेशंट वाचवले आहेत. त्यांबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे. पण झटका येण्याआधीची दहा-वीस वर्षे पेशंट गावातच काढतो. तिथे त्याच्यापाशी कोण आहे, ही माझी चिंता आहे.

म्हणून माझी मुख्य मागणी बदल्यांबाबत आहे. ग्रामीण आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला किमान पाच वर्षे एकाच जागी राहू द्यावे आणि त्याच्याकडे ठरावीक घरे नावानिशी सोपवावीत. तो राहावा म्हणून राहण्याजोगे क्वार्टर्स हवेत, रजेवर गेल्यास बदली डॉक्टर हवा. शिवाय वेतन आणि बढतीत फॅमिली मेडिसिनच्या पदव्युत्तर पदवीला इतर विशेषज्ञांइतकेच मोल हवे. हे शिक्षण लोकप्रिय करावे, असे 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणातही नमूद आहे. आज हुशार मुलगा गावात राहिला की लोक त्याला 'पीजी मिळाली नाही वाटतं' असे विचारतात. मला त्याचे फार वाईट वाटते, कारण अठरा आजारांची एकाच माणसात सांगड घालणे हे वैद्यकातले सर्वांत कठीण काम आहे, असे माझे मत आहे.

दुसरी मागणी छोटी आहे. बांबोळीहून पेशंट घरी सुटतो तेव्हा काय निदान झाले, कोणत्या गोळ्या बंद केल्या आणि का, एवढे वाचता येईल अशा अक्षरांत त्याच्या गावच्या डॉक्टरला कळवावे. तो सरकारी असो वा माझ्यासारखा खाजगी.

पुढची बदल्यांची यादी आपल्या टेबलावर येईल, तेव्हा प्रत्येक नावासमोर एक रकाना वाढवायला सांगा: हा डॉक्टर या गावात किती वर्षे होता. त्यात एक-दोनचे आकडे दिसले, तर सही करण्यापूर्वी त्या गावच्या पंचायतीला विचारावे, ही विनंती.

आपला,
सत्तरी तालुक्यातील एक फॅमिली डॉक्टर