ताप किती होता ते कळव

चि. निखिल,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा ताईच्या तोंडून निसटलं म्हणून कळलं, की तू आठ दिवस तापाने अंथरुणावर होतास. आणि त्याच आठवड्यात मला नाण्याचा फोटो पाठवलास! रागावलेलो नाही. ताप किती होता, एवढंच कळव.

फोटो मोठा करून पुन्हा पुन्हा पाहिला. रोमन सम्राट ऑगस्टसचा चांदीचा देनारियस, तुझ्या फ्रान्समधल्या लियोंच्याच टांकसाळीतला. मागच्या बाजूला गायस आणि लुसियस, ढालींवर हात टेकवून उभे. त्यांच्या वर ती इवलीशी पळी, आपल्या देव्हाऱ्यातल्यासारखी, आणि पुरोहिताची वाकडी काठी. जेमतेम पावणेचार ग्रॅम चांदीत एवढं सगळं! नाण्यावरचा लेख तू एकट्याने वाचलास, हे मी कट्ट्यावर सगळ्यांना सांगून आलो. आजीच्या डब्यातला राणीछाप रुपया कागदाखाली धरून तू पेन्सिल घासायचास, राणीचं नाक उमटलं की घरभर ओरडत सुटायचास. गोवर आला तेव्हाही तो रुपया मुठीतून सोडला नव्हतास.

गायस आणि लुसियस ही ऑगस्टसची नातवंडं, त्याने दत्तक घेऊन मुलगे केलेली. ही नाणी आपल्याकडे कोइमतूरच्या बाजूलाही पुष्कळ सापडली. पोरांचं कौतुक कुठवर पोचलं बघ. पण लुसियस इ.स. 2 मध्ये आजारी पडून गेला, मार्सेयला, म्हणजे तुझ्यापासून फार लांब नाही. अठरा वर्षांचा होता. गायस आर्मेनियात जखमी झाला. घरी ये, असं ऑगस्टसने कळवलं, तो निघालाही, पण इ.स. 4 मध्ये वाटेतच, आजच्या तुर्कस्तानातल्या लिमिराला गेला. बावीस वर्षांचा.

उपाशीपोटी गोळ्या घेऊ नकोस. रात्री जागू नकोस. कुणा शेजाऱ्याला तरी सांगून ठेव. हे सगळं तुला कळतं, मी उगाच शिकवत बसलो. माफ कर. नाण्याबद्दलच लिहायचं ठरवलं होतं.

त्रेसष्ट वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी ऑगस्टसने दूर असलेल्या गायसला पत्र लिहिलं. त्यात त्याला लाडाने 'गाढवा' म्हटलंय. डोळे तुला शोधतात, जिथे असशील तिथे बरा असशील ना, असंच सगळं. पूर्वी मला त्यातलं 'गाढवा'च तेवढं लक्षात राहिलं होतं.

थर्मामीटर निळ्या बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात आहे. आईने लाल रुमालात गुंडाळून ठेवलाय. आज रात्री लाव आणि आकडा कळव.

तुझा,
बाबा