‘जैवविघटनशील’ ठरवायचे कोणत्या कसोटीवर?

संपादक महोदय,

बाटल्यांवर ‘जैवविघटनशील’, म्हणजे जिवाणूंना पचणारे, असे छापलेले असते, पण ते कोणत्या कसोटीवर, हा माझा प्रश्न आहे. कोल्हापूरच्या पंचगंगा नदीच्या पाण्याविषयी बातमी आली की तिच्यात बीओडीचा, म्हणजे पाण्यातली घाण पचवताना जिवाणूंना लागणाऱ्या प्राणवायूचा, आकडा हमखास असतो, आणि कसबा बावड्याच्या रोज ७६ दशलक्ष लिटर क्षमतेच्या मैलापाणी प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा हा आकडा मर्यादेत असला, की पाणी शुद्ध झाले असे गृहीत धरण्याची आता रीतच पडली आहे. बीओडी मोजताना पाण्याचा नमुना २७ अंश सेल्सियसला तीन दिवस ठेवून त्यातल्या जिवाणूंनी किती प्राणवायू वापरला, ते पाहतात. जे रसायन जिवाणूंना पचतच नाही, त्याच्यासाठी ते प्राणवायू खर्चही करत नाहीत. म्हणजे रसायन जितके चिवट, तितके ते या आकड्यातून निसटते. सीओडीत, म्हणजे जिवाणूंऐवजी तीव्र रसायनाने घाण जाळून लागणारा प्राणवायू मोजण्याच्या चाचणीत, त्यातले बरेचसे सापडते, पण तिथेही एकूण बेरीजच कळते. कोणते रसायन उरले, ते कळत नाही.

जयंती नाल्याचे जे मैलापाणी उपसून बावड्याला नेले जाते, त्यात घरोघरची धुण्याची पावडर, फरशी पुसण्याची द्रावणे, दवाखान्यांतली जंतुनाशके आणि छोट्या वर्कशॉपमधली तेले असे सगळेच असते. केंद्रात शिरलेल्या अशा रसायनाचे तीनच प्रकारे काही होऊ शकते: जिवाणू त्याचे विघटन करतील, ते गाळाला चिकटून बसेल किंवा हवेच्या बुडबुड्यांबरोबर उडून जाईल. यांपैकी काहीच झाले नाही, तर ते जसेच्या तसे नदीत जाते. आत येणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याची नुसती वजाबाकी केली, तर गाळात दडलेले रसायनही ‘नष्ट झाले’ या खात्यात जमा होते. हाच गाळ वाळवून शेतात पसरला, तर ते रसायन उसाच्या मुळाशी जाते, हे वेगळे सांगायला नको.

म्हणूनच रसायन खरोखर विघटित होते की नाही, हे तपासण्याच्या स्वतंत्र पद्धती आहेत. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची ३०१ क्रमांकाची चाचणीमाला त्यांत सर्वाधिक वापरली जाते. तिच्यातली बंद बाटलीची पद्धत तर आपल्या कोणत्याही विज्ञान महाविद्यालयाला झेपेल अशी आहे. क्षार घातलेले, प्राणवायूने संपृक्त केलेले पाणी बाटलीत काठोकाठ भरायचे, त्यात लिटरला २ ते १० मिलिग्रॅम रसायन आणि जिवाणूंसाठी प्रक्रिया केंद्रातल्या पाण्याचे थोडे थेंब घालायचे, आत हवेचा बुडबुडा राहू न देता बूच लावायचे आणि बाटल्या २८ दिवस अंधारात ठेवायच्या. ठरलेल्या दिवशी एकेक बाटली उघडून विरघळलेला प्राणवायू किती उरला ते मोजायचे. शेजारी रसायन न घातलेल्या बाटल्या हव्यात, आणि सोडियम बेंझोएटसारखा सहज पचणारा पदार्थ घातलेल्याही हव्यात. तो जर १४ दिवसांत ६० टक्के पचला नाही, तर जिवाणूच मरगळलेले समजायचे आणि चाचणी बाद करायची. पूर्ण विघटनाला जितका प्राणवायू लागला असता, त्याच्या निदान ६० टक्के वापरला गेला, तरच रसायन उत्तीर्ण.

ही परीक्षा मुद्दाम कडक ठेवलेली आहे. तिच्यात जिवाणू अगदी थोडे असतात, त्यामुळे नापास झालेले रसायन केंद्रातल्या दाट गाळात पचूही शकते. मात्र केंद्रात त्याला २८ दिवस मिळत नाहीत, काही तासच मिळतात. त्यासाठी ओईसीडीचीच ३०३ए ही चाचणी आहे. तिच्यात प्रयोगशाळेतच प्रक्रिया केंद्राची छोटी प्रतिकृती चालवून तिच्यात मैलापाणी सतत सोडतात आणि किती कार्बन खरोखर गेला ते मोजतात. माझ्या मते कोल्हापूरसाठी हीच अधिक बोलकी ठरेल.

रेणू नुसता तुटला म्हणजे धोका टळला, असेही नाही. नोनिलफिनॉल इथॉक्सिलेट हे कापड धुलाईत जगभर वापरले गेलेले द्रव्य. प्रक्रिया केंद्रात त्याची लांब साखळी तुटते खरी, पण मागे राहणारे नोनिलफिनॉल मूळ द्रव्याहून अधिक चिवट आणि माशांना अधिक घातक असते. युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२१ पासून धुता येण्याजोग्या कापडात त्याच्यावर ०.०१ टक्क्याची मर्यादा घातली. परदेशी ग्राहकाच्या अंगावरच्या सदऱ्यात जे चालत नाही, ते इचलकरंजीच्या खाली पंचगंगेवरच्या तेरवाड बंधाऱ्याच्या पाण्यात का चालावे, हा प्रश्न गैरवाजवी नसावा.

माझी मागणी एवढीच आहे. महापालिका आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने शिवाजी विद्यापीठाच्या पर्यावरणशास्त्र विभागाला सोबत घेऊन शहरात आणि इचलकरंजीच्या कापड प्रक्रिया उद्योगात सर्वाधिक खपणाऱ्या धुलाई व स्वच्छता द्रव्यांची यादी करावी आणि त्यांची चाचणी आपल्याच केंद्राचा गाळ वापरून घ्यावी, कारण परक्या प्रयोगशाळेतल्या जिवाणूंना जे पचते ते इथल्या जिवाणूंना पचेलच असे नाही. निष्कर्षांत पाण्याबरोबर गाळाचाही आकडा असावा. आणि ज्या बाटलीवर ‘जैवविघटनशील’ असे छापले आहे, तिच्या उत्पादकाने कोणत्या चाचणीत, किती दिवसांत, किती टक्के विघटन झाले, हेही त्याच अक्षरांत छापावे.

आपला,
एक वाचक, कसबा बावडा, कोल्हापूर