किलोच्या पाटीखाली लिटरचा डबा

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : 15 किलो सांगून विकलेला 15 लिटरचा तेलाचा डबा आणि किडकी निघालेली 10 किलो तूरडाळ

महोदय,

8 जूनला तुमच्या कोल्हापूरच्या दुकानातून मी पावसाळ्याचा बाजार भरला. आम्ही घरात चार माणसं. 2019 च्या ऑगस्टात पुराचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं, ट्रक अडकून पडले आणि शहरात साध्या दूध-भाजीसाठी धावपळ झाली. तेव्हापासून जूनमध्येच तीनेक महिन्यांचं सामान घरात आणून ठेवायची आम्हाला सवय लागली. 2021 च्या पुरात तिचा उपयोगही झाला. त्यामुळं एकदम माल भरण्याबद्दल माझी तक्रार नाही. पण काय भरायचं आणि काय महिन्याच्या महिन्याला आणायचं हे मी हिशेबानं ठरवते. तांदूळ, साबण भरते. रवा कधीच भरत नाही. या वेळी तेल आणि डाळीचा हिशेब मी तुमच्या पाटीवर विसंबून केला.

पाटी अशी होती : ‘15 किलो डबा, फक्त 2250 रुपये. किलोला 150!’ शेजारच्या फळीवर त्याच तेलाची एक लिटरची पिशवी 148 ला. लिटरभर तेल भरतं 910 ग्रॅम, म्हणजे पिशवीतलं तेल किलोला साधारण 163 रुपये पडतं. किलोमागं बारा-तेरा रुपये सुटतात म्हणून मी डबा घेतला आणि आमच्या ह्यांनी तो दोन जिने चढवला. डबा फोडताना माझ्या दहावीतल्या मुलीनं बाजूचं बारीक छापलेलं वाचलं : 15 लिटर, 13.65 किलो. तिनं तिथंच कॅलेंडरच्या पाठीमागं गुणाकार केला. पंधरा पिशव्या घेतल्या असत्या तर 2220 रुपये झाले असते. तेवढ्याच तेलाच्या डब्याला मी 2250 मोजले होते. जास्त माल घेणाऱ्याकडून तीस रुपये जास्त घ्यायचे आणि वर ‘महाबचत’ अशी लाल पट्टी चिकटवायची, ही रीत मी पहिल्यांदाच पाहिली.

डब्यावर खरं वजन छापलंय, असं तुमचा माणूस म्हणाला. छापलंय, मान्य. पण दर मी पाटीवर वाचला, आणि ती पाटी तुमची. वेष्टनावर किलोचा किंवा लिटरचा दर छापायचा नियम आहे, पण तो एमआरपीवरून काढलेला असतो. तुमच्या सवलतीचा दर पाटीवरच कळणार, तर तिथं तरी किलो म्हणजे किलो असायला नको?

डाळीचं दुखणं वेगळं आहे. 10 किलोचं पोतं 1350 ला, सुटं किलोचं पाकीट 140 ला. म्हणजे इथं पन्नास रुपये खरंच वाचत होते. आमच्या घरी 10 किलो डाळ तीन महिने सहज पुरते. वरची तीन किलो डब्यात काढून पोत्याचं तोंड बांधून ठेवलं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात परत उघडलं तर आत जाळी धरलेली, डाळीचे गठ्ठे झालेले आणि हात घातला तर पोरकिडे मनगटावर चढले. सासूबाई चष्मा लावून बघत म्हणाल्या, “स्वस्त म्हणून आणलीस ना, बस आता पाखडत.” मग पॅकिंगची तारीख शोधली. ती तुमच्या ऑफरच्या स्टिकरखाली होती! नखानं खरवडून वाचली : पॅकिंग जानेवारी, सहा महिन्यांच्या आत वापरावे. म्हणजे तीन महिने पुरेल म्हणून विकलेल्या मालाचं आयुष्य विकतानाच जेमतेम महिनाभर उरलं होतं.

“पॅक फोडलंय, आता परत होत नाही. पावसाळ्यात घरात दमट असतं, मॅडम,” हे काउंटरवरचं उत्तर. घर दमट आहे, मान्य. स्टिकर मी दुकानातच उचलून बघायला हवा होता, तेही मान्य. पण घरात त्याच फळीवर ठेवलेल्या तांदळात एक किडा नाही. आणि अपारदर्शक पोतं न फोडता आतला किडा बघायचा कसा? लक्ष्मीपुरीतला आमचा जुना दुकानदार मूठभर डाळ हातावर ठेवतो, दाताखाली धरून बघा म्हणतो, मगच काट्यावर घालतो.

तेव्हा तेलात कमी भरलेल्या 1.35 किलोचे 202 रुपये 50 पैसे आणि उरलेल्या सात किलो डाळीचे 945 रुपये मला परत मिळावेत. शिवाय ती पाटी दुरुस्त करा आणि तारखेवर स्टिकर लावणं थांबवा. माझ्यामागून येणारी बाईही असाच हिशेब घालत तिथं उभी राहणार आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर वजनमापं तपासणाऱ्या वैधमापन विभागाकडे अर्ज करीन आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवीन. एवढ्यानंही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच.

डाळ टाकलेली नाही. दुहेरी पिशवीत बांधून गॅलरीत ठेवली आहे. तुमच्यापैकी कुणाला बघायची असेल त्यांनी यावं, पण लवकर यावं. सासूबाईंचा धीर सुटत चाललाय.

आपली,
एक ग्राहक
राजारामपुरी, कोल्हापूर

सोबत : बिलाची प्रत, पाटीचा, डब्याचा आणि खरवडलेल्या स्टिकरचा फोटो