बाबा, तुमच्या गाडीचे टायर बदलले

पुणे, २३ नोव्हेंबर

ती. आई-बाबांना सा. न.

परवा फोनवर बाबा टायरवरून इतके तापले की आईला बोलायलाच मिळालं नाही. मधेच दाजींनी फोन घेतला, मग ताईने, आणि शेवटी चहा निवला म्हणून फोन बंद. म्हणून हे पत्र. ताईच्या मेलवर पाठवतोय, ती मोठ्या अक्षरात छापून देईल. मोबाइलवर वाचायला दिलं की बाबा, तुम्ही अर्ध्यातच उत्तर द्यायला लागता.

तुमची तक्रार मला कळली ती अशी. दाजींनी तिकडे मॉन्ट्रियलला यंदा गाडी बदलली. तिच्या टायरवर ‘ऑल सीझन’ लिहिलंय, म्हणजे सगळ्या ऋतूंचे, आणि ते चांगले धडधाकट आहेत. तरीही तिथल्या कायद्याने १ डिसेंबरच्या आत ते काढून हिवाळ्याचे चार नवे चढवायचे, १५ मार्चपर्यंत वापरायचे आणि मग पुन्हा उलटा खटाटोप. चार टायरचे आठशे डॉलर. तुम्ही लगेच साठने गुणलंत आणि अठ्ठेचाळीस हजारांचा आकडा सगळ्या घराला ऐकवलात. न बदलावेत तर दोनशे ते तीनशे डॉलर दंड. “ही हेल्मेटसक्तीच आहे, फक्त चार चाकांची,” हे तुमचं शेवटचं वाक्य. त्यावर दाजी हसले आणि तुम्हाला राग आला.

मीही हसलो होतो, फोनच्या या टोकाला, म्हणून तुम्हाला दिसलं नाही. २०१९ चा जानेवारी आठवला. शहरात हेल्मेटची अंत्ययात्रा निघाली होती आणि तुम्ही पेपरातला तो फोटो कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. अजून आहे तिथे. तुमचं स्वतःचं हेल्मेट दोन वर्षं चेतकच्या हुकाला लटकत होतं, आणि मंडईतून येताना त्यात मेथीची जुडी असायची. ‘डोकं माझं, फुटलं तर माझं फुटेल, पोलिसाला काय त्याचं?’ हे ऐकत मी मोठा झालो. मला ते पटायचं नाही, पण त्यात काही तरी तर्क होता, हे मान्य.

टायरच्या बाबतीत मात्र तो तर्क लागू होत नाही. फोनवर हे म्हणायला गेलो, तर तुम्ही “तू इथे राहून काय सांगतोस बर्फाचं!” म्हणालात. बरोबर आहे, मी बर्फ पाहिला तो फक्त फ्रीझरमध्ये. पण टायरबद्दल मला आता थोडं कळतं आणि ते कसं कळलं, हे तुम्हा दोघांपासून महिनाभर लपवून ठेवलंय. आता सांगतो. आई, आधीच लिहितो: कुणालाही खरचटलंसुद्धा नाही.

दिवाळीच्या आधी आठवडाभर इथे परतीचा पाऊस रोज संध्याकाळी कोसळत होता. एका शनिवारी तुमची वॅगन आर घेऊन कोंढव्याला मावशीकडे गेलो होतो, फराळाचे डबे पोचवायला. येताना आई माता मंदिराकडून गंगाधाम चौकाकडे उतरत होतो. तो उतार तुम्हाला माहीत आहे. वेग तिसाच्या आत. पुढची रिक्षा थांबली. मी ब्रेक दाबला, अगदी वेळेवर दाबला, आणि गाडी थांबलीच नाही. चाकं थांबली, गाडी घसरत राहिली. तसा आवाज काहीच नाही, नुसतं पाण्यावरून पाट सरकावा तसं. दोन-तीन सेकंदं असतील, पण तेवढ्यात मला रिक्षात मागे बसलेल्या बाईंच्या मांडीवरचा मिठाईचा बॉक्स दिसला, त्याची दोरीसुद्धा दिसली. मग धप्प.

रिक्षाचा मागचा दिवा फुटला, आपल्या बंपरला खोक पडली. रिक्षावाले काका उतरले. मला वाटलं, आता आई-बहीण ऐकायची. पण त्यांनी आधी दिवा पाहिलाच नाही. माझ्या पुढच्या चाकापाशी उकिडवे बसले, टायरच्या बाजूला अंगठ्याचं नख दाबलं आणि वर बघून म्हणाले, “टायर दगड झालेत की हो.” मी म्हटलं, नक्षी तर शाबूत आहे. “नक्षी काय बघता? नख रुतवा.” मी दाबलं. रुतलं नाही. चाकाच्या बाजूला बारीक भेगांचं जाळं होतं, उन्हाळ्यात गावातल्या तळ्याचा गाळ फुटतो तसं. दिव्याचे सातशे रुपये दिले, त्या बाईंची माफी मागितली. त्यांनी बॉक्स उघडून पेढे मोडले नाहीत ना, ते पाहिलं आणि दुसरी रिक्षा पकडून गेल्या.

घरी येऊन पार्किंगमध्ये टॉर्च लावून बसलो. टायरच्या बाजूला शेवटी एका लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आपल्या टायरवर ३११७. म्हणजे २०१७ सालचा एकतिसावा आठवडा, ऑगस्टचा आरंभ. आणि स्टेपनीवर १२१३! आपण गाडी २०१३ च्या पाडव्याला आणली, तेव्हा ती स्टेपनी महिन्याभराची होती, आणि तिने आजवर रस्ता पाहिलेला नाही. बारा वर्षं डिकीत चटईखाली, पंपाशेजारी.

बाबा, तुम्ही नेहमी म्हणता, गाडी चालतेच कुठे, वर्षाला तीन हजार किलोमीटर, टायर झिजणार कसे? झिजले नव्हतेच. कायद्याने कारच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी. आपली त्याहून कितीतरी जास्त होती. पोलिसाने मोजली असती तर सलाम ठोकून सोडलं असतं. पण नक्षीतल्या खाचा पाणी बाहेर फेकायचं काम करतात. रस्ता धरून ठेवायचं काम रबराचं, आणि रबर मऊ असेल तरच ते रस्त्याच्या खरखरीत अंगात शिरतं. आपलं रबर वयाने आणि वॉचमनच्या खोलीशेजारच्या दुपारच्या उन्हाने कडक झालं होतं.

आणि इथेच मला दाजींचं म्हणणं कळलं. तिकडे तेच काम थंडी करते, आठ वर्षांत नाही तर एका रात्रीत. साधारण सात अंशांच्या खाली साध्या टायरचं रबर कडक व्हायला लागतं. आई, आपल्याकडे डिसेंबरात खोबरेल तेलाची बाटली गोठते आणि तू ती खिडकीत उन्हात ठेवतेस ना, तसं काहीसं. बाटली तीच, तेल तेच, पण उलटी केली तरी थेंब येत नाही. हिवाळी टायरचं रबर असं बनवलेलं असतं की ते उणे वीसलाही मऊ राहतं. शिवाय त्याच्या नक्षीत बारीक चिरा असतात, सुरीने कापल्यासारख्या, त्या बर्फाला धरतात. ‘ऑल सीझन’ हे नाव, बाबा, आपल्याकडच्या ‘थ्री इन वन’ सोफ्यासारखं आहे. बसायला बरा, झोपायला बरा, पाहुण्याला विचारा मात्र. दाजींच्या क्वेबेक प्रांतात २०१४ च्या डिसेंबरपासून ते नुसत्या नावावर चालत नाहीत. तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण असं चिन्ह टायरवर लागतं. आणि इंजिनाची ताकद चारही चाकांना जाणारी गाडी असली, तरी ती ताकद जागची हलायला उपयोगी. थांबताना सगळ्यांची चाकं सारखीच.

आता सक्तीचं. तिथे हा नियम २००८ च्या हिवाळ्यापासून आहे. त्या आधीसुद्धा तिथले दहातले नऊ लोक आपणहून हिवाळी टायर लावतच होते. तुम्ही म्हणाल, मग कायदा कशाला? उरलेल्या एकासाठी. कारण तो एक जण उतारावर तुमच्या मागे असतो. हेल्मेट न घालणारा स्वतःचं डोकं फोडून घेतो. कडक टायरवाला त्या बाईंच्या रिक्षात घुसतो. त्या दिवशी तो मी होतो, आणि माझ्या मते तर मी अगदी सावध माणूस! मला कुणी आधी विचारलं असतं, तर तुमच्यासारखंच म्हणालो असतो, टायर उत्तम आहेत, नक्षी बघा.

तिकडच्या सरकारने नंतर हिशेब केला, तेव्हा हिवाळ्यातल्या अपघातांत सापडलेल्यांची संख्या पाच टक्क्यांच्या आसपास घटलेली निघाली. ‘फक्त पाच?’ असं तुम्ही म्हणणार, हे मला इथे बसून ऐकू येतंय. मलाही आधी कमीच वाटलं. पण नऊ लोक आधीच लावत असताना दहाव्याला लावायला लावून एवढा फरक पडला, हे ध्यानात घ्या.

तुमच्या बाजूनेही दोन गोष्टी लिहितो, नाहीतर तुम्ही म्हणाल, पोरगं दाजींना सामील झालं. पहिली, खर्च. दाजींना आठशे डॉलर जड नाहीत, पण नुकतंच तिथे पोचून जुनी गाडी घेऊन डिलिव्हरीची कामं करणाऱ्या पोरांना जड आहेत, आणि कायदा दोघांना सारखाच. यावर माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच की एक संच वापरात असताना दुसरा झिजत नाही, म्हणजे दोन्ही जास्त वर्षं जातात. पण पहिल्यांदा खिशातून जातात ते जातातच. दुसरी, शेजारच्या ओंटारियोत सक्ती नाही. तिथे हिवाळी टायर लावणाऱ्याला विमा कंपनीने सवलत द्यायची, असा २०१६ पासून नियम आहे. हे तुम्हाला आवडेल. मलाही आवडलं. जर्मनीत तर ठरलेली तारीखच नाही. रस्त्यावर बर्फ असेल त्या दिवशी टायर हिवाळी हवेत, एवढंच. (तरी तिथले लोक ऑक्टोबर ते ईस्टर असा आपापला नेम पाळतात म्हणे.) पण तारीख नसली की काय होतं, ते आपल्याला छत्र्यांवरून ठाऊक आहे. पहिला पाऊस आला की सगळं पुणे एकाच दिवशी तुळशीबागेत. पहिला बर्फ पडल्यावर मॉन्ट्रियलच्या गॅरेजात तसंच होणार, आणि तोवर घसरायचे ते घसरून झालेले. म्हणूनच असेल, तिथे आधी १५ डिसेंबर होता, तो २०१९ पासून १ डिसेंबर केला.

आणि ते तुम्ही सगळ्या ग्रुपवर पाठवलेलं व्हिडिओ प्रकरण. मॉन्ट्रियलच्या बीव्हर हॉलच्या उतारावर बसवर बस, मग पोलिसांची गाडी, आणि शेवटी बर्फ उपसणारी गाडीसुद्धा घसरत येऊन आदळते. “बघा, सरकारी गाड्याच घसरतात!” खरं आहे. नुसतं काचेसारखं गोठलेलं असेल, तर कुठलाही टायर हात टेकतो. ते २०१६ सालचं, ५ डिसेंबरचं आहे, म्हणजे तेव्हाच्या १५ डिसेंबरच्या मुदतीआधीचं, एवढं मात्र बघून ठेवा.

आपल्याकडेही सक्ती नाही असं नाही हं. समृद्धीवर आर.टी.ओ.वाले गुळगुळीत टायरच्या गाड्या अडवायला लागले, तेव्हा “हे एक काम बरं केलं” म्हणाला होतात तुम्ही, मला तारीखवार आठवतं. नागपूरची सक्ती चालते, तर मॉन्ट्रियलची का नाही?

असो. मुद्द्याचं आता. मी तुम्हाला न विचारता टायर बदलले. पाचही, स्टेपनीसकट. मार्केट यार्डच्या मागे त्या तुमच्याच माणसाकडे गेलो. त्याने जुना टायर रिमवरून उतरवताना कड मोडली, खुसखुशीत खारीसारखी, आणि तुकडा माझ्या हातात दिला. “काकांना दाखवा,” म्हणाला. दाखवायला ठेवलाय. बॅलन्सिंग, अलाइनमेंट धरून अठरा हजार दोनशे झाले. पैसे मी भरलेत, परत देऊ नका. सक्ती म्हणा हवं तर. बिल तुमच्या निळ्या फाइलमध्ये पी.यू.सी.च्या मागे लावलंय. बंपरची खोक तशीच ठेवलीय, कारण तुम्ही आल्यावर “हे कशाने?” विचारणारच, आणि मला एकदाच सांगायचं होतं. सांगून झालं.

एक काम करा. शनिवारी दाजींना गॅरेजची वेळ मिळालीय, त्यांच्याबरोबर जा. कानटोपी घालून जा. तिथे नवा टायर जमिनीवर ठेवतील तेव्हा नख रुतवून बघा, आणि बाजूचे ते चार आकडे वाचून मला फोनवर सांगा. जुने निघाले तर दाजींना घेऊ देऊ नका. त्या दुकानदाराशी तुम्हीच भांडा, मराठीत भांडलात तरी चालेल.

तुमचा,
मन्या

ता. क. आई, तुळशीला रोज पाणी घालतोय. जुन्या पाचांतला एक टायर गच्चीवर ठेवलाय, तुला आळूसाठी हवा होता ना? स्टेपनीवाला आहे. त्याची नक्षी अजून नवी आहे.