विषय: सोलिंगनचा म्हणून विकलेला कलमाचा चाकू आणि 'पीआरसी'चा तुम्ही लावलेला अर्थ

व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
(आणि त्यांच्या वर कुणी बसत असतील तर तेही)

आज सकाळी तुमच्या माणसाशी पाचव्यांदा बोललो. सव्वीस मिनिटं. त्यातली अठरा मिनिटं बासरी ऐकली. फोन ठेवला आणि लगेच लिहायला बसलो आहे, तेव्हा नमस्कार वगैरे झाला असं समजा.

चाकू कोणता ते तुम्हांला सांगायला नको. घडीचा, लाकडी मुठीचा, मागे साल उकलायची पितळी पट्टी असलेला. तुमच्या पानावर त्याचं नाव 'अस्सल सोलिंगन ग्राफ्टिंग नाईफ', म्हणजे जर्मनीतल्या सोलिंगनला बनलेला कलमाचा चाकू, आणि किंमत ३,८५० रुपये. सुनेने मोबाईलवरून मागवला, पैसे मी दिले. पावती सोबत आहे.

डिचोली तालुक्यात माझी लहानशी रोपवाटिका आहे. मानकुराद आंब्याची कोयकलमं आणि थोडी काजूची. पाऊस लागला की पुढचे दोन-अडीच महिने आम्ही दुसरं काही करत नाही. कोयकलम म्हणजे काय ते तुमच्या ग्राहक सेवेला माहीत नव्हतं, तुम्हांला असेल. नाहीतर ग्राफ्टिंग नाईफ विकायला तुम्ही कशाला बसला असता? कोय रुजून रोप दहा-पंधरा दिवसांचं होतं, देठ अजून तांबूस आणि कोवळा असतो. त्याचा शेंडा उडवायचा, मधोमध दीड-दोन इंच चीर द्यायची, आणि कलमकाडीला दोन्ही बाजूंनी तासून केलेली पाचर त्या चिरेत बसवायची. तासलेला भाग आरशासारखा सपाट हवा. जरा कुठे फाटला, दबला, की साल सालीला भिडत नाही, आत हवा राहते आणि काडी काळी पडते. हे सगळं एका ओढीत व्हायला लागतं. दुसऱ्यांदा चाकू लावला की ती काडी फेकायची.

एवढ्यासाठी बाबा ज्या चाकूने काम करत, तोच मी चाळीस वर्षं वापरला. गोवा मुक्त होण्याआधी पणजीत घेतलेला. तेव्हा बाहेरचा माल इथे सहज मिळायचा. पातं झिजून झिजून दाभणासारखं झालं, म्हणून तर नवा घ्यायची वेळ आली. त्याच्या पात्याच्या बुडाशी, मूठ सुरू होते तिथे, ठसा आहे. इतका खोल की डोळे मिटून नख फिरवलं तरी 'सोलिंगन' वाचता येतं. तुमच्या चाकूवर तेच नाव पात्याच्या मधोमध, बोटभर मोठ्या अक्षरांत, करड्या रंगात काढलं आहे. दगडावर चार वेळा घासला, 'सो' गेला. आता नुसतं 'लिंगन' उरलं आहे. घरात लहान मुलं आहेत, त्यांना काय सांगायचं ते तुम्हीच कळवा.

सोलिंगन हे शहर आहे, हे तरी आपल्या दोघांना मान्य असावं. जर्मनीत ते नाव १९३८ पासून कायद्याने राखलेलं आहे. चाकू घडवण्याची मुख्य कामं त्याच भागात झाली असतील तरच ते नाव टाकता येतं. दुसरीकडून पाती आणून तिथे डब्यात भरली, तरी चालत नाही. म्हणजे हा शब्द 'स्पेशल' किंवा 'डिलक्स'सारखा हवा तिथे चिकटवायचा नाही. तुमच्याच यादीत मधमाशीवाला लायोलचा चाकूही आहे. लायोल हेही फ्रान्समधलं गाव, पण त्या नावाचे चाकू कुठे कुठे बनतात त्याला धरबंध नाही, खुद्द फ्रान्समध्येसुद्धा बरेचसे तिएर शहरात होतात. तिथे तुम्हांला पळवाट आहे. सोलिंगनला नाही.

आता माल. डब्यातून काढला तेव्हाच लक्षात आलं होतं, पण म्हटलं आपण जुन्या वळणाचे, उगाच खोड काढतो. जुना चाकू मिटवला की 'खट्' आवाज येतो, कमान पात्याला ओढून घेते. तुमचा 'फस्स' करून मिटतो आणि उघडल्यावर पातं डावी-उजवीकडे डुलतं. पितळ आणि लाकूड यांच्यामधल्या फटीतून खिडकीतला उजेड दिसतो. चित्रात धार एका बाजूने होती, दुसरी बाजू सपाट. कलमाच्या चाकूचा अर्थच तो. आला तो दोन्ही बाजूंनी धार पाडलेला, स्वयंपाकघरातल्या सुरीसारखा. पाचर तासताना तो लाकडात नांगरासारखा वर-खाली जातो.

तरीही मी दगडावर धार लावून घेतली. पहिल्या दिवशी साठ कलमं बांधली. तिसाव्या काडीनंतर हात जड झाला. चाकू उन्हात धरून धारेकडे सरळ पाहिलं. चांगली धार डोळ्यांना दिसत नाही, तिच्यावर उजेड थांबतच नाही. इथे टोकापासून मध्यापर्यंत पांढरी रेघ चमकत होती. धार वळली होती, आंब्याच्या कोवळ्या काडीवर! मग कानस काढली. बाबांच्या चाकूवर ती घसरते. तुमच्यावर अशी लागली की लोखंडाचा भुगा बोटावर आला. त्या साठांतली एक्केचाळीस कलमं मेली. पावसाचा, काडीचा दोष काही असेल, मी नाही म्हणत नाही. पण एरवी शंभरात पंधरा-वीस जातात.

तिसऱ्या दिवशी पात्यावर नारिंगी ठिपके. पहिल्या फोनवर तुमच्या मुलीने विचारलं, "काका, तुम्ही चाकू पाण्याने धुता का?" नाही बाई, गंगाजलाने. तिला मी बोललो नाही, ती बिचारी कागद बघून वाचत होती.

आजचा माणूस मात्र कागद न बघता बोलत होता. ते सगळं लिहितो, कारण हे कॉल तुम्ही 'गुणवत्तेसाठी' रेकॉर्ड करता म्हणे. ऐकूनच बघा.

मी विचारलं, चाकू कुठल्या देशात बनला?
"सर, इम्पोर्टेड आहे."
कुठून?
"बाहेरून, सर."
अरे बाबा, मला मडगावसुद्धा बाहेरच. देश कुठला?
"सर, जर्मन टेक्नॉलॉजी आहे."

मी म्हटलं, डब्यावर तुमचा किमतीचा स्टिकर आहे, त्यात देशाच्या रकान्यात नुसतं 'आयात' लिहिलं आहे. तो स्टिकर पावसाळी हवेने सुटला. खाली मूळ छपाई आहे, 'मेड इन पी.आर.सी.' हे काय?

थोडा वेळ कळफलकाचा टकटक आवाज. मग, "सर, पीआरसी म्हणजे प्रॉडक्ट रजिस्ट्रेशन कोड."

मी खरंच गप्प झालो. मग विचारलं, कोड असेल तर पुढे आकडा कुठे आहे? "सर, तो सिस्टीममध्ये असतो." आणि कोडच्या आधी 'मेड इन' कसं? कोडमध्ये चाकू बनवतात का कुणी? "सर, मी तुमच्या भावना समजू शकतो."

पीपल्स रिपब्लिक ऑफ चायना. हे माझ्या आठवीतल्या नातीने सांगितलं. तुमच्या सिस्टीममध्ये कदाचित ती नसेल.

मग तो म्हणाला, "सर, पात्यावर रोस्टफ्राय लिहिलं आहे ना? ती जर्मन कंपनी आहे, खूप जुनी." आम्ही गोव्याची माणसं, रवा फ्राय ओळखतो, मसाला फ्राय ओळखतो. पण रोस्टफ्राय म्हणजे जर्मनमध्ये 'न गंजणारा' एवढंच, जसं फ्रेंच लोक 'इनॉक्स' लिहितात. कंपनी नाही, देश नाही, काही नाही. जगात कुणीही कुठल्याही पत्र्यावर ते लिहू शकतो, आणि तुम्ही ते गंजलेल्या पात्यावर लिहिलं आहे. हे मी त्याला सांगितलं. त्यावर तो हसला. हो, हसला. आणि म्हणाला, "सर, तुम्ही गोव्यात राहता ना? तिथे सगळंच गंजतं."

समुद्र बघायचा तर आम्हांलाही दोन बस बदलून जावं लागतं. आणि बाबांचा चाकू, जो साध्या पोलादाचा आहे, ज्यावर 'न गंजणारा' असं कुणी लिहिलेलंच नाही, तो याच गोव्यात, याच पावसात साठ वर्षांहून जास्त टिकला. खोबरेल तेलाचा एक बोळा, बस.

गैरसमज नको म्हणून लिहितो. चाकू चीनचा आहे ही माझी तक्रार नाही. यांगजियांगला चाकूंचा मोठा धंदा आहे आणि तिथे चांगला मालही होतो. पुतण्याकडे एक चिनी घडीचा चाकू आहे, पोलादाचा प्रकार स्पष्ट छापलेला, किंमत माफक, धार उत्तम. तुम्ही चीनचा म्हणून आठशेला विकला असता तर मी आठशेच्याच अपेक्षेने घेतला असता. पोलाद कुठलं, पातं घडवलं कुठे, जोडणी कुठे झाली, ही तीन वेगळी उत्तरं असू शकतात हेही मला कळतं. जर्मन प्रतीचं पोलाद कुठल्याही देशात ओतता येतं. पण तुम्ही तिन्हींचं मिळून एकच उत्तर देता, 'टेक्नॉलॉजी'. पोलाद विचारलं तर '४४०'. कुठलं ४४०? ए, बी की सी? सी मध्ये कार्बन एक टक्क्याच्या आसपास, ए मध्ये त्याहून बराच कमी, आणि धार टिकते ती त्याच्यावर. नुसतं ४४० म्हणजे पत्त्यात नुसतं 'गोवा' लिहिण्यासारखं.

आणि तो स्टिकर. पुन्हा तेच लिहितो, कारण डोक्यातून जात नाही. आयात केलेल्या वस्तूच्या वेष्टनावर मूळ देश लिहायचा, हे २०११ च्या वजनमापांच्या नियमांत आहे. विक्रीच्या पानावर लिहायचा, हे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत आहे. तुम्ही देश लिहिला तर नाहीच, वर जिथे लिहिलेला होता तिथे स्टिकर मारला. ही चूक नव्हे. चुकून स्टिकर इतका सरळ बसत नाही.

मला काय हवं ते सांगतो. ३,८५० रुपये परत. चाकू कुठल्या देशात, कुठल्या पोलादाचा बनला याचं लेखी उत्तर, सहीनिशी. फोन करू नका, बासरी आता सहन होत नाही. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर, मग डब्यासकट वजनमाप खात्यात, आणि मग जिल्हा ग्राहक आयोगात. २०१९ च्या कायद्याने मी राहतो तिथेच तक्रार लावता येते आणि एवढ्या रकमेला फी लागत नाही, तेव्हा मला तुमच्या शहरात यावं लागणार नाही. तुम्हांला मात्र इकडे यावं लागेल. याल तेव्हा पावसाळ्यात या. सगळंच कसं गंजतं ते दाखवतो.

वाईट याचं वाटतं की तुमच्याकडून याआधी छाटणीचे दोन सिकेटर घेतले होते आणि ते चांगले निघाले. त्याच विश्वासावर सुनेला म्हटलं होतं, घे, कंपनी बरी आहे.

— एक ग्राहक, डिचोली

सोबत: पावतीची प्रत, स्टिकरखालच्या छपाईचे दोन फोटो, पात्याचा एक.

ता. क. पत्र पाठवायच्या आधी सुनेने तुमचं पान पुन्हा उघडलं. सकाळच्या फोनपर्यंत तिथे 'अस्सल सोलिंगन' होतं, आता 'सोलिंगन स्टाईल' झालं आहे. किंमत तीच. आधीच्या पानाचा फोटो तिने मागवलं त्याच दिवशी काढून ठेवला होता. तोही जोडतो आहे.